पाळण्याची चौथी बाजू

...नाही, पण मग चाकं कशाला, मी म्हटलं, पाळणा काय कुठे फिरायला निघालाय का? तर आमचे मेहुणे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी त्यांना विचारलंय की लिफ्टला दार कशाला लागतं. "चाकं हवीतच," म्हणाले, "आणि चाकांना ब्रेक हवेत. आणि तो ब्रेक सुटला तर धरायला दुसरा ब्रेक." आता तुम्हीच सांगा, बाळाचं वजन असून असून किती असणार? आणि हे बाळ तर अजून जन्माला यायचं होतं. बाजारात तुरी, आणि आमच्याकडे दुसऱ्या ब्रेकची चर्चा.

तुम्हाला सांगतो, मेहुणे म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. सगळा जन्म लिफ्टा दुरुस्त करण्यात गेला, आणि ज्याचा जन्म लिफ्टमध्ये गेला त्याला जगात दोनच प्रकारच्या वस्तू दिसतात, एक पडलेल्या आणि दुसऱ्या अजून न पडलेल्या. निवृत्त झाले, घरी बसले, म्हणजे बसले कुठले... हात शिवशिवायला लागले. हातात कसब आहे, नाही कोण म्हणतंय, पण जे करतील ते इतकं भक्कम, की विचारू नका. ताईला स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचा डबा काढायला एक स्टूल करून दिलं, ते उचलायला दोन माणसं लागतात. म्हणजे डबा हवा असला की ताई आधी शेजारणीला हाक मारणार, मग दोघी मिळून स्टूल सरकवणार. शेवटी आता शेजारीणच डबा काढून देते. उंच आहे ती.

तर अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, दिवस गेले. सगळे खुशीत. रविवारी दुपारी लेक-जावई आले, जेवणं झाली, आणि जावयाने खिशातून मोबाइल काढून एका दुकानातल्या पाळण्याचा फोटो दाखवला. पांढरा, चारी बाजूंनी गज, दिसायला बरा होता. मेहुण्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला आणि म्हणाले, "हा? ह्याला चारच स्क्रू आहेत."

एवढंच. पण ताईने माझ्याकडे बघितलं आणि मी ताईकडे, आणि दोघांनाही कळलं की झालं, आता पाळणा घरात बनणार.

"बाळाला काय, फक्त झोपायचंय," मेहुणे म्हणाले. "त्याला दुकान कशाला हवं? गॅलरीत बसून महिन्याभरात करून देतो."

बाळाला फक्त झोपायचंय. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचे कित्येक महिने त्या घरात जो कोणी तोंड उघडायचा तो ह्याच वाक्याने उघडायचा, आणि ते वाक्य संपेपर्यंत पाळण्याला एक नवीन भाग फुटलेला असायचा.

ताई म्हणायची, "अहो, बाळाला फक्त झोपायचंय, तुम्ही फार डोकं लावू नका, मात्र खाली दोन खण करा, दुपटी कुठे ठेवणार?" झाले खण. खणांनी वजन वाढलं, म्हणून पाय जाड केले. पाय जाड झाले, तर ते हलेना, म्हणून चाकं. चाकं आली म्हणून ब्रेक. आणि प्रत्येक वेळी फळी धरायला कोण? मी. "धर रे जरा," म्हणायचे, आणि स्वतः पेन्सिल शोधायला जायचे. पेन्सिल कानावर असायची.

आणि जावई... आता जावयाबद्दल माझं वाईट मत नाही, मुलगा गुणी आहे, पण तो विमा कंपनीत कामाला, तेही नुकसानभरपाईच्या खात्यात. दिवसभर टेबलावर येतं काय, तर कोण कुठून पडलं, कोणावर काय पडलं, कोणाचं काय कशात अडकलं. त्यामुळे ह्याला एखादा माणूस जिना उतरताना दिसला, की आधी प्लॅस्टर दिसतं. तो संध्याकाळी ऑफिसातून परस्पर यायचा, बॅग खांद्यावर तशीच, आणि गॅलरीच्या दारात उभा राहून म्हणायचा, "बाबा, बाळाला तसं फक्त झोपायचंच आहे, पण दोन गजांत अंतर किती ठेवताय?"

"चार बोटं."

"कोणाची?"

ह्यावर मेहुणे आपल्या हाताकडे बघत बसले. तर दुसऱ्या दिवशी जावई थंड पेयाचा रिकामा डबा घेऊन हजर. म्हणे गजांमधून हा डबा आरपार गेला नाही पाहिजे, गेला तर बाळाचं अंग जाईल आणि डोकं अडकेल. मेहुण्यांनी डबा घेतला, गजांत घातला. आरामात पलीकडे गेला. त्यांनी सगळे गज उपटले आणि पुन्हा जवळजवळ बसवायला घेतले. तेव्हा मला वाटलं, चला, सासऱ्याचं आणि जावयाचं जमणार. एक पडू देत नाही आणि दुसरा अडकू देत नाही, आणखी काय हवं?

काय माहीत होतं मला?

त्यात एकदा ताई बोलून गेली. चहा गाळत होती, आम्ही दोघं गॅलरीत भुशात बसलेले. मेहुणे मला समजावत होते की कडा गोल का हव्यात, आणि ताई आतूनच म्हणाली, अगदी सहज, "एवढं कसलं हो कौतुक. आपली तर मोटारीच्या खोक्यात झोपायची. आणि काय गाढ झोपायची."

रंधा थांबला.

मला ही गोष्ट माहीत नव्हती. मी तेव्हा शिकायला दुसऱ्या गावी होतो. तर झालं होतं असं, की भाची झाली तेव्हा ह्यांची भाड्याची एक खोली, त्यात पलंग एक, आणि पाळण्याची ऐपत नाही. मेहुण्यांनी काय केलं, कामावरून लिफ्टची मोटार ज्यात येते ते लाकडी खोकं घरी आणलं, घासलं, आत गोधडी घातली आणि पोरीला त्यात निजवलं. खोक्यावर बाहेरून मोठ्या अक्षरांत छापलेलं, 'उलटे करू नये.' येणारा-जाणारा वाचायचा आणि हसायचा. ताईही हसायची. मेहुणे हसायचे नाहीत.

चहा आला, आम्ही प्यालो. मेहुणे कप खाली ठेवत एवढंच म्हणाले, "कडेला एक खिळा होता. आठ दिवसांनी दिसला मला." आणि परत रंधा मारायला लागले. त्यानंतर मी चाकांबद्दल काही विचारलं नाही.

पण घोडं अडलं ते चौथ्या बाजूवर. पाळण्याच्या तीन बाजू पक्क्या, हे सगळ्यांना मान्य. चौथी बाजू मेहुण्यांनी मनात धरून ठेवली होती, कोणाला सांगितलं नव्हतं. एक दिवस आम्हा सगळ्यांना उभं केलं, भाचीला खुर्ची दिली, आणि एका बोटाने ती बाजू खाली ढकलली. तुम्हाला सांगतो, लोण्यासारखी गेली. आवाज नाही, धक्का नाही. सोडली तर आपोआप वर. आत दोऱ्या, कप्प्या, मागच्या पायांत लपवलेली वजनं... लिफ्टच केली होती त्या माणसाने. तीस-बत्तीस वर्षांची विद्या त्या एका कठड्यात ओतली होती. बाळाला उचलायचं की बाजू खाली, ठेवलं की बाजू वर. भाची हसली. ताईनेसुद्धा "अगं बाई" म्हटलं.

जावयाने बॅग खाली ठेवली.

"बाबा, हे नको."

"काय नको?"

"वर-खाली होणारी बाजू नको. ह्यात बोट सापडतं. बाजू निसटली की फट पडते, त्या फटीत बाळ जातं. कितीतरी ठिकाणी असे पाळणे विकायला बंदी आहे. मी वाचलंय."

मेहुणे शांतपणे म्हणाले, "मी बघितलेल्या एकाही लिफ्टमध्ये आजपर्यंत कोणाचं नखसुद्धा सापडलेलं नाही."

"बरोबर आहे. पण बाबा, लिफ्टमधला माणूस दाराला जीभ लावून बघत नाही."

आता हे खरं तर विनोदी होतं. मी हसणार होतो. पण मेहुण्यांचा चेहरा बघितला आणि हसू गिळलं.

"मग तुमचं तुम्ही आणा दुकानातून," मेहुणे म्हणाले. जावयाला ते पहिल्यापासून अहो-जाहो करतात, पण त्या दिवशीचं 'तुम्ही' जरा वेगळं लागलं.

"आणतो," जावई म्हणाला आणि बॅग उचलून गेला.

झालं. बोलणंच बंद. आणि बोलणं बंद म्हणजे काय, तर दोघंही माझ्याशी बोलायला लागले. जावई मला फोन करून सांगणार, "मामा, बाबांना म्हणावं रंग विषारी नसलेला आणा." मेहुणे मला सांगणार, "त्याला म्हणावं, ज्याला पाळणाच नकोय त्याने रंगाची काळजी करू नये." अडकित्त्यात सुपारी सापडावी तसा मी. आणि दोघांचंही शेवटचं वाक्य काय, तर "बाळाला फक्त झोपायचंय हो, एवढं कळू नये?"

शेवटी एक दिवस भाची आली, एकटी. जिने चढून धाप लागलेली, पाय सुजलेले. बसलीसुद्धा नाही. वडिलांना म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघांनी मिळून मला आजपर्यंत एकच गोष्ट विचारलीत, रंग कुठला हवा. बाकी सगळं तुम्हीच ठरवताय आणि तुम्हीच भांडताय. भांडून झालेल्या पाळण्यात मी माझं बाळ ठेवणार नाही. जमिनीवर गादी घालीन." आणि ती गेली. मेहुण्यांनी त्या संध्याकाळी ती चौथी बाजू सोडवली, दोऱ्या काढल्या आणि तोंड भिंतीकडे करून उभी करून ठेवली, शिक्षा झालेल्या पोरासारखी. मी विचारलं, आता? म्हणाले, "बघू. अजून वेळ आहे."

वेळ नव्हता. भाचीचा रक्तदाब एकदम वाढला, सकाळी जावयाचा फोन आला, ह्या वेळी मला नाही, थेट सासऱ्याला, आणि त्याला धड वाक्य जुळवता येईना. आम्ही दवाखान्यात पोचेपर्यंत तिला ऑपरेशनला आत घेतलं होतं. बाहेर एक लांब बाक. एका टोकाला मेहुणे, दुसऱ्या टोकाला जावई, मधे मी. ताई उभी. मी दोनदा चहाचं विचारलं, दोन्ही वेळा दोन्हीकडून मान हलली, नको.

मुलगी झाली. आई ठीक होती, पण बाळ वेळेआधी आलेलं, अगदी एवढंसं, म्हणून त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. तिथे आत सोडत नाहीत, बाहेर एक मोठी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. ताई भाचीपाशी, आम्ही तिघं खिडकीशी उभे. आत ती पेटी, पेटीत टोपी घातलेला एक मूठभर जीव, नाकाला नळी. मेहुणे कपाळ काचेला लावून बराच वेळ बघत होते. मला वाटलं, रडतायत.

हळूच म्हणाले, "चाकांना ब्रेक आहेत."

शेजारून जावई म्हणाला, "हो. मी पण आधी तेच बघितलं."

बस्स. ह्यापुढे त्यांच्यात माफी-बिफी काही झाली असेल तर मला माहीत नाही. मी तिथून बाजूला झालो.

बाळाने पेटीत तब्येत धरली, हळूहळू दूध ओढायला लागलं, आणि एका दुपारी मायलेकी घरी आल्या. ताईकडेच आल्या, दवाखाना जवळ म्हणून. आता बाळ दारात उभं आणि पाळणा तीन बाजूंचा. दुकानातला आला होता का? नाही. कारण जावयाने तो मागवलाच नव्हता. रोज मोबाइलवर दुकानाच्या पानावर जायचा आणि ज्यांनी तो घेतलाय त्यांच्या तक्रारी वाचत बसायचा. म्हणून मग मेहुण्यांनी घाईघाईने ती चौथी बाजू घट्ट स्क्रू मारून बसवली, दोऱ्या नाहीत, कप्प्या नाहीत, हलणं नाही. जावयाने हलवून बघितली. मान डोलावली. बाळ आत ठेवलं. सगळे खूश.

सगळे म्हणजे, जिला त्यातून बाळ काढायचं होतं ती सोडून.

ऑपरेशन झालेलं पोट घेऊन पलंगावरून उठायचं म्हणजे काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. बाळ कुरकुरलं. भाची कुशीवर वळली, कोपरावर रेटा दिला, अर्धी उठली आणि तशीच थांबली, ओठ दाताखाली. तोपर्यंत जावई धावला, मेहुणे धावले, ताई स्वयंपाकघरातून धावली, तिघंही दारात एकमेकांवर आपटले. मग कोणीतरी बाळ काढून तिला दिलं. पाजून झालं, परत ठेवलं. थोड्या वेळाने परत कुरकुर, परत धावाधाव. तिसऱ्या वेळी कोणी उचलायच्या आत भाचीने हात लांब केला, तो कठड्याच्या गजांवर टेकला, आणि ती नुसती गज धरून राहिली. बाळ आत, ही बाहेर, मधे दीड हात. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज न करता.

मेहुणे दारात उभे होते. जावई त्यांच्यामागे.

"काय करू बाळा?" मेहुणे म्हणाले. "सांग. तू सांगशील ते."

"ही बाजू काढा."

"कुठली?"

"माझ्याकडची. ही."

दोघंही एका आवाजात म्हणाले, "पडेल."

"मग पलंगाला लावा ना," भाची म्हणाली. "एकदम चिकटवून. कशी पडेल?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. एक लिफ्टमधला मुरलेला, एक अपघातातला तज्ज्ञ, दोघांच्या डोक्यात हे आलं नव्हतं. आणि इतके महिने मी मधे फळ्या धरून उभा, माझ्या तरी कुठे आलं होतं?

ताईने बाळ घेतलं. बाजू काढली. पाळणा ढकलत पलंगाशी नेला, आणि हे मात्र कबूल करतो, तिथे चाकं कामाला आली. पण पाळणा उंच, पलंग ठेंगणा. पाय कापावे लागणार. कोणते पाय? ज्यांना ह्या माणसाने चार वेळा पॉलिश केलं होतं, ते. मेहुण्यांनी चाकं उतरवली, करवत आणली, पायावर ठेवली आणि मुलीकडे बघितलं. "कापू?" "कापा." कापले, परत चाकं लावली, परत पलंगाशी नेला. भाचीने आडवं पडूनच हात टाकला. "अजून खाली." परत चाकं काढली, परत कापले. "अजून जरासं." जन्मात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी दुसऱ्याच्या मापाने केलं.

गाद्या बरोबर आल्या, तर जावई जमिनीवर पालथा. "फट आहे," खालून आवाज आला. "दोन बोटं." एरवी मेहुणे भडकले असते. ते आत गेले आणि सामान बांधायचे जाड पट्टे घेऊन आले, आणि मग दोघंही पलंगाखाली. मला नुसते चार पाय दिसत होते, आणि आतून मेहुण्यांचा आवाज, "खेच. खेच की अरे, काय जोर लावतोयस, फॉर्म भरतोयस का?"

अरे. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी जावयाला अरे म्हटलं. आणि जावई म्हणाला, "खेचतोय ना, तुम्ही तिकडचं सोडा आधी." असे पट्टे ओढले, असे ब्रेक लावले, की तो पलंग आणि तो पाळणा आता भूकंप झाला तरी एकत्रच जातील. फटीत कागद जाईना. जावयाने कागद घालून बघितला.

ताईने बाळ पाळण्यात ठेवलं. थोड्या वेळाने ते कुरकुरलं, आम्ही सगळे सवयीने पुढे सरकलो, आणि भाचीने नुसता हात टाकला, बाळाला अलगद जवळ ओढलं, पाजलं, परत सरकवलं. उठली नाही. कोणाला हाक मारली नाही. हात बाळाच्या पोटावर तसाच राहिला आणि दोघीही झोपल्या, भर दुपारी. मेहुणे हातात करवत घेऊन उभे होते. ताई म्हणाली, "ती खाली ठेवा आता, बाळाच्या अंगावर सावली पडतेय." ठेवली.

चाकं, ब्रेक, खण, गोल कडा, गजांतलं अंतर, इतकं सगळं ठरवलं आम्ही, आणि शेवटी कामाचं काय निघालं, तर जे लावलंच नाही ते. बाळाला फक्त झोपायचं होतं, हे सगळ्यांनी सांगितलं. आईलाही झोपायचं असतं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

इथे गोष्ट संपायला हवी, नाही का? पण बाळं मोठी होतात. ही बया बसायला लागली, मग रांगायला लागली, आणि एका सकाळी पाळण्यातून आईच्या अंगावरून पलीकडे जायला निघालेली सापडली. म्हणजे चौथी बाजू आली. तोवर भाचीही हिंडती-फिरती झाली होती. सासरे-जावई एका रविवारी बसले, पट्टे सोडवले आणि एका दुपारीत बाजू बसवून मोकळे झाले. पक्की, न हलणारी, डब्याने तपासलेली. भांडण नाही, फोन नाही. मला तर चुकल्याचुकल्यासारखं झालं.

बाईसाहेबांना आत ठेवलं. त्या उठून उभ्या राहिल्या, दोन्ही हातांनी गज धरले, चारी बाजूंनी बघून घेतलं की आपल्याला कोंडलंय, आणि असा काही टाहो फोडला, असे गज बडवले... जावई म्हणाला, "कोणी काढू नका, सवय लागेल." भाची म्हणाली, "पाच मिनिटं रडू दे." ताईने कान झाकले.

मेहुणे पाळण्यासमोर गेले, हात मागे बांधले आणि ज्या आवाजात त्यांनी उभा जन्म लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना सांगितलं असेल, त्या आवाजात म्हणाले, "घाबरू नका. दाराशी खटपट करू नका. शांत राहा. माणूस निघालाय."

ती एक क्षण गप्प झाली, त्यांच्याकडे बघितलं, आणि दुप्पट बडवायला लागली.

मेहुण्यांनी वाकून तिला उचललं. ती खांद्यावर जाताच चूप. त्यांच्या कॉलरला नाक पुसून झोपूनही गेली. आम्ही सगळे बघतोय. मी म्हटलं, "भाऊजी, बाहेरच काढायचं होतं तर एवढी बाजू लावली कशाला?"

ते तिला थोपटत थोपटत गॅलरीकडे निघाले होते, वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "अरे, कोणी अडकलंच नाही, तर मला बोलावणार कोण?"